बंदरापलीकडची लिंक रोज पडते आणि आपोआप उठते: कारण कसं शोधावं, दुरुस्ती काय करावी

कुलाबा, माझगाव, शिवडी किंवा तुर्भ्याकडून (म्हणजे ट्रॉम्बेकडून) पाणी ओलांडून उरण-न्हाव्याच्या बाजूला रेडिओ लिंक (समोरासमोर डिश लावून बिनतारी नेट नेणारी जोडणी) टाकणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते. बसवताना सगळं ठीक होतं. दुर्बिणीतून समोरचा पोल स्वच्छ दिसला, सिग्नल उणे ६० डीबीएमच्या आसपास आला (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोमदार), स्पीड टेस्ट उत्तम झाली. आठवडा जात नाही तोच पलीकडून फोन सुरू होतात की नेट गेलं. अर्ध्या-पाऊण तासात ते आपोआप परत येतं. माणूस पाठवावा, तर तो पोहोचेपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असतं. मग रेडिओ बदलतात, डिश बदलतात, केबल नवी ओढतात, पोल आणखी वर चढवतात. खर्च होत राहतो आणि तक्रार तशीच राहते.

हा दोष उपकरणाचा क्वचितच असतो. तो आखणीत असतो आणि कागदावर सापडतो. त्यासाठी गच्चीवर चढण्याआधी एक काम करावं लागतं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

आधी वेळ लिहून काढा

लिंक किती वेळा पडली यापेक्षा नेमकी कधी पडली हे महत्त्वाचं. दोन्ही बाजूंच्या रेडिओचा सिग्नल, नॉइज फ्लोअर (आसपासच्या गोंगाटाची पातळी) आणि मॉड्युलेशन (रेडिओ किती वेगाच्या पायरीवर चालतोय) दर मिनिटाला कुठेतरी साठवायला लावा. जुना पीसी, छोटा राउटर, काहीही चालेल. दोन्हीकडची घड्याळं एकाच टाइम सर्व्हरला जोडा, नाहीतर पुढची सगळी तुलना फुकट. नोंद किमान पंधरा दिवसांची हवी. पंधराच का, ते पुढे येईल.

ग्राहकाशी बोलतानाही हाच प्रश्न विचारा. "किती वेळ गेलं होतं?" याला माणसं अंदाजाने काहीही सांगतात. "काल आणि आज, कुठलं काम चाललं असताना गेलं?" असं विचारलं की उत्तर नेमकं येतं. उरणजवळच्या मोऱ्याच्या बाजूच्या एका माणसाने मला फोनवर सांगितलं होतं, "दादा, काल जेवायला बसायच्या आधी गेलं, आज जेवून हात धुतल्यावर गेलं." एवढ्या एका वाक्यात अर्धं निदान झालं. घड्याळाच्या ठरावीक वेळी पडणारा दोष वेगळा आणि रोज पुढे सरकणारा दोष वेगळा. रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकणारी गोष्ट मुंबईच्या बंदरात एकच आहे, ती म्हणजे भरती.

कोळीवाड्यात हे कुणाला समजावावं लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशोब आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट म्हणजे सहा, तेव्हा भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. तासाभराचा फरक धरला तरी पहिल्या तपासणीला हा हिशोब पुरतो. नेमके आकडे हवे असतील तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं आहेत. मुंबईसाठी त्यात अपोलो बंदराची नोंद पाहावी.

आता पंधरा दिवसांचा सिग्नलचा आलेख आणि भरतीचं कोष्टक एकाखाली एक ठेवा. दोष भरतीचा असेल तर चित्र लपत नाही. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, प्रत्येक भरतीला सिग्नलमध्ये दोन खड्डे दिसतात, एक पाणी चढताना आणि एक उतरताना. पुढे उधाण ओसरत जातं तसे ते दोन खड्डे जवळ येतात, भरतीच्या ऐन वेळेवर एक होतात आणि भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला) नाहीसे होतात. "चार-पाच दिवस अगदी मस्त चालतं, मग परत सुरू होतं" हे ग्राहकाचं म्हणणं इथेच खरं ठरतं. उधाणापासून भांगापर्यंत आणि परत उधाणापर्यंतचा फेरा साधारण पंधरवड्याचा असतो, म्हणून नोंदही तेवढी हवी. तीन दिवसांची नोंद भांगात सापडली तर लिंक निर्दोष दिसेल.

पाण्यावरून येणारी दुसरी लहर

समोरच्या डिशमध्ये आपली लहर दोन वाटांनी पोहोचते. एक सरळ येते, दुसरी पाण्यावर आपटून. पाण्यावरून येणारी थोडी जास्त अंतर कापते आणि आपटताना तिची कला उलटते, म्हणजे जिथे माथा होता तिथे दरी येते. जादा अंतर तरंगलांबीच्या पूर्ण पटीत भरलं की दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात. अर्ध्या पटीवर आल्या तर एकमेकींना साथ देतात आणि सिग्नल अपेक्षेपेक्षा पाच-सहा डीबी (डेसिबल, सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) चांगला दिसतो. भरती-ओहोटीने पाण्याची पातळी हलते, तसं हे जादा अंतर हलतं.

आकडे घालून पाहू. अंतर १२ किमी, फ्रिक्वेन्सी ५.८ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी ५.१७ सेंमी. कुलाब्याकडच्या गच्चीवरचा अँटेना पाण्यापासून ४० मीटरवर, मोऱ्याकडचा २५ मीटरवर, दोन्ही उंच्या उधाणाच्या पूर्ण भरतीला मोजलेल्या. पृथ्वीची वक्रता वजा केली की हिशोबाला सुमारे ३७ आणि २४ मीटर उरतात. सूत्र सोपं आहे: दोन्ही उंच्यांचा गुणाकार करायचा, त्याची दुप्पट करायची आणि अंतराने भागायचं. २ × ३७ × २४ ÷ १२,००० म्हणजे ०.१४८ मीटर, तरंगलांबीच्या २.८६ पट. पाणी ७० सेंमी उतरलं की ही पट बरोबर ३ होते आणि सिग्नल कोसळतो. आणखी उतरून पाणी भरतीपेक्षा तीन मीटर खाली गेलं की पट साडेतीनच्या आसपास येते, तेव्हा लिंक दिवसातली सगळ्यात जोमदार असते. पाणी चार मीटर उतरलं तरी पट ३.७ च्या पुढे जात नाही, म्हणजे पुढचा खड्डा येतच नाही.

भांगाच्या भरतीला पाणी त्या खड्ड्याच्या पातळीपर्यंत चढत नाही. म्हणून ते दिवस शांत जातात.

खड्डा किती वेळ टिकतो तेही काढता येतं. वरच्या उदाहरणात सिग्नल दहा डीबीहून जास्त पडलेला राहतो तो पाण्याच्या साधारण अर्ध्या मीटरच्या पट्ट्यात. उधाणाला त्या पातळीवर पाणी तासाला पाऊण मीटरच्या आसपास सरकत असतं. म्हणजे चाळीसेक मिनिटं. "अर्ध्या-पाऊण तासात आपोआप येतं" ही तक्रार आकड्यातही तशीच निघते.

आणि घट किती? १२ किमीला मोकळ्या हवेतला तोटा सुमारे १२९ डीबी. हिशोबासाठी ईआयआरपी (आपल्या डिशमधून झोताच्या दिशेने निघणारी ताकद) ३६ डीबीएम आणि समोरच्या डिशने सिग्नलमध्ये घातलेली भर ३० डीबीआय धरली तर सिग्नल उणे ६३ च्या आसपास यायला हवा. लहर खोडली जाते तेव्हा त्यातून आणखी वीसेक डीबी सहज जातात. उणे ८३ वर बरेच रेडिओ सगळ्यात खालच्या मॉड्युलेशनवर रखडत चालतात. शेजारचा गोंगाट जास्त असेल तर लिंक तुटते. बसवताना ओहोटी असेल तर आलेखावर उणे ५८ दिसलेलं असतं आणि सगळे निश्चिंत घरी गेलेले असतात. म्हणून सिग्नल हिशोबापेक्षा पाच डीबी चांगला आला तर आनंद मानू नका, पाण्यावरून काय येतंय ते तपासा. लिंक हिशोबापेक्षा चांगली चालते तेव्हाच मला तिची जास्त काळजी वाटते.

लागू न पडणारे उपाय

चॅनेल बदलणं. वरच्या उदाहरणात दोन वाटांमधला फरक जेमतेम १५ सेंमी आहे, वेळेत सांगायचं तर अर्धा नॅनोसेकंद. फ्रिक्वेन्सी बदलून खड्ड्यातून शिखरावर यायचं असेल तर जवळजवळ एक गिगाहर्ट्झ सरकावं लागेल. २०१८ साली परवानामुक्त झालेला ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झचा पट्टा अवघा १५० मेगाहर्ट्झचा आहे. या टोकाचं चॅनेल लावा नाहीतर त्या टोकाचं, खड्डा मिनिटं पुढेमागे होईल, इतकंच.

मोठी डिश. थेट लहर आणि पाण्यावरची लहर यांच्यातला कोन कुलाब्याच्या टोकाला पाव अंशापेक्षाही कमी आहे, मोऱ्याच्या टोकाला त्याहून थोडा जास्त. ६० सेंमीच्या डिशचा झोत सहा अंशांचा असतो, १.२ मीटरच्या डिशचा तीन अंशांचा. तीन अंशांची डिश पाव अंशावरच्या दोन वाटा वेगळ्या करू शकत नाही. मोठ्या डिशने दोन्ही लहरी सारख्याच वाढतात आणि खड्डा तितकाच खोल राहतो. मार्जिन (लिंक तुटण्याआधी हाताशी असलेली सिग्नलची शिल्लक) वाढतं हे खरं, आणि त्याचा थोडा उपयोग होतो. पण पोलवर वाऱ्याचा भारही वाढतो, आणि जूनच्या वाऱ्यात त्याची किंमत मोजावी लागते.

कठड्याआड डिश लपवणं. छोट्या लिंकवर, कोन मोठा असेल तेव्हा हे जमतं. इथे गच्चीचा कठडा दहा मीटर पुढे असेल तर तिथवर दोन वाटा एकमेकींपासून चार सेंमी दूर गेलेल्या असतात. एक अडवून दुसरी सोडणं शक्यच नाही. आड घ्यायचीच तर दूरची हवी, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पोलरायझेशन (लहर आडवी हलते की उभी) बदलणं. इतक्या सपाट कोनात आडवं काय आणि उभं काय, दोन्ही पाण्यावरून जवळपास पूर्ण परत येतात. उभ्याचं परावर्तन किंचित कमी असतं, त्यामुळे खड्डा थोडा कमी खोल होतो. रेडिओला तशी सोय असेल तर जरूर करा. रोग मात्र जात नाही.

"समुद्र खवळलेला असला की परावर्तन विस्कटतं" हेही खूप ऐकतो. खुल्या समुद्रावर, मोठ्या कोनात ते खरं. इथे लहर पाण्याला ०.२९ अंशाने चाटून जाते. एवढ्या कोनात ५.८ गिगाहर्ट्झला सव्वा मीटरपर्यंतच्या लाटा सपाटच वाटतात. बंदराच्या आत एरवी तेवढी लाट नसते, त्यामुळे आपल्या लिंकच्या दृष्टीने ते पाणी आरसाच आहे.

आता सगळ्यात महाग पडणारा उपाय: पोल आणखी उंच करणं. जमिनीवरच्या लिंकला उंचीने फायदा होतो, म्हणून हात आपोआप तिकडेच जातो. पाण्यावर उलट होतं. पाणी एक मीटर हललं की जादा अंतर किती बदलतं ते दोन्ही उंच्यांच्या बेरजेवर ठरतं. बेरीज जितकी मोठी तितका भरतीचा त्रास जास्त. एका टोकाला वीस मीटरने वर गेलात तर उधाणाला एकाऐवजी दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर खड्डे येऊ शकतात. रुग्णालयाच्या नाहीतर बँकेच्या शाखेच्या लिंकवर असा खर्च होताना पाहिला की वाईट वाटतं, कारण पैसे गेलेले असतात आणि माणसं आणखी तास ऑफलाइन गेलेली असतात.

लागू पडणारे उपाय

पहिला, खाली उतरणं. वरच्याच १२ किमीवर दोन्ही अँटेने मधल्या पाण्यापासून पंधरा मीटरच्या आसपास ठेवले तर काय होतं पाहा. वक्रता वजा करून उरतात साडेबारा-तेरा मीटर. जादा अंतर तरंगलांबीच्या निम्म्याच्या आसपास येतं, म्हणजे पहिल्याच शिखरावर. पाणी दोन मीटर वर किंवा दोन मीटर खाली गेलं तरी आपण त्या शिखराच्या माथ्याजवळच राहतो आणि सिग्नल एखाददुसऱ्या डीबीने हलतो. फ्रेनेल झोनही (थेट लहरीभोवती मोकळी ठेवावी लागणारी जागा) बसतो. मध्यावर पहिल्या झोनची त्रिज्या १२.५ मीटर, तिचे ६० टक्के म्हणजे ७.५, त्यात पृथ्वीच्या फुगवट्याचे २.१ मीटर मिळवले तर साडेनऊ-दहा मीटर मोकळी जागा लागते. पूर्ण भरतीलाही तेवढी मिळते.

अडचण पाण्यावर चालणाऱ्या गोष्टींची आहे. लाँच आणि मच्छीमार बोटींचं फारसं काही नाही. पण न्हावा-शेव्याला जाणारं कंटेनरचं जहाज आडवं आलं तर कंटेनरांच्या चळतीमागे आपली लिंक पूर्ण झाकली जाते. जहाज सरकतं असेल तर प्रश्न मिनिटांचा, नांगर टाकून उभं राहिलं तर तासांचा. म्हणून नकाशावर जहाजांचा मार्ग आणि नांगरण्याच्या जागा पाहूनच हा उपाय करा. जहाजांच्या वाटेत न येणाऱ्या, ठाणे खाडीच्या आतल्या बाजूच्या लिंकना तो फार छान लागू पडतो. तिथे अंतर कमी, म्हणून उंचीही वेगळी येईल. ती सूत्रात घालून काढा, वरचा पंधराचा आकडा उचलू नका. काठाच्या तिवरांची वाढही धरा. पाच वर्षांत ती बरीच उंच होतात, आणि कांदळवन तोडणं गुन्हा आहे.

दुसरा उपाय मला सगळ्यात भरवशाचा वाटतो: एका टोकाला एकाखाली एक दोन डिश. खड्डा एका विशिष्ट उंचीवर असतो, त्याच्या थोडं खाली शिखर असतं. ते अंतर काढायचं सूत्र असं: तरंगलांबी गुणिले लिंकचं अंतर, भागिले समोरच्या अँटेनाच्या उंचीची चौपट. आपल्या उदाहरणात मोऱ्याच्या पोलवर ते ४.१ मीटर येतं. म्हणजे वरची डिश हिशोबातल्या २४ मीटरवर असेल तर दुसरी २० वर बसवा. पाणी ७० सेंमी उतरून वरची खड्ड्यात जाते तेव्हा खालची नेमकी शिखरावर असते. पुढे पाणी तीन मीटरच्या थोडं खाली गेलं की खालची खड्ड्यात जाते आणि वरची शिखरावर येते. दोघी एकमेकींच्या पाळ्या सांभाळतात.

स्पेस डायव्हर्सिटीचा (दोन उंचींवरच्या डिश स्वतःच सांभाळणारा) महागडा रेडिओ नसेल तर दोन साध्या लिंक समांतर चालवा. चॅनेल वेगळी ठेवा आणि मधे पुरेसं अंतर सोडा. राउटरला सिग्नलवरून नाही तर प्रत्यक्ष पॅकेट लॉसवरून (वाटेत हरवणाऱ्या डेटावरून) वाट बदलायला सांगा. वाट बदलण्याची मर्यादा कडक ठेवलीत तर दर दोन मिनिटांनी उड्या मारेल, म्हणून परतायला काही मिनिटांचा उशीर ठेवा. डिश बसवताना चार मीटरऐवजी दीड-दोन मीटरच जागा मिळाली तर फायदा बराच घटतो. अशा वेळी शेजारच्या इमारतीवरची वेगळ्या मजल्यावरची जागा शोधलेली बरी.

तिसरा, जागाच बदलणं. पाण्याला लागून असलेली इमारत डोळ्यांना सगळ्यात चांगली वाटते, समोर काहीच नसतं. तिच्याऐवजी दोन-तीन किलोमीटर मागची उंच इमारत घेतली तर मधल्या इमारती आडोसा देतात. आपल्या टोकापासून तीन किलोमीटरवर दोन वाटांमधलं अंतर बारा मीटरच्या आसपास झालेलं असतं आणि तिथे थेट लहरीला लागते साडेसहा मीटरची मोकळीक. खालची वाट अडवून वरची सोडायला एवढी फट पुरते. अट एकच, मधली इमारत नेमक्या उंचीची हवी आणि ती तशीच राहायला हवी. मुंबईत दुसरी अट जास्त अवघड. आजची सात मजल्यांची चाळ उद्या चाळीस मजल्यांचा टॉवर होते. पुनर्विकासाची पाटी लागली आहे का, ते लिंक आखतानाच जाऊन बघून या.

वेळ भरतीशी जुळत नसेल तर

रोज घड्याळाच्या त्याच वेळी, बहुधा रात्री आठ ते अकरा, सिग्नल जागेवर आणि स्पीड पडलेला, तर तो शेजारच्या रेडिओंचा गोंगाट. नॉइज फ्लोअरचा आलेख पाहा. ८० मेगाहर्ट्झची रुंदी २० वर आणली की आत येणारा गोंगाट सहा डीबीने उतरतो, आणि बहुतेक ग्राहकांना ती रुंदी मुळात लागतही नसते.

लिंक अचानक तुटून मिनिटभराने वेगळ्याच चॅनेलवर उठत असेल तर रेडिओच्या लॉगमध्ये रडारची नोंद शोधा. डीएफएसच्या पट्ट्यात, म्हणजे जिथे रडारला वाट द्यायची असते तिथे, रडारसारखा स्पंद ऐकू आला की रेडिओला चॅनेल सोडावं लागतं, आणि नव्या चॅनेलवर आधी गप्प बसून ऐकावं लागतं. हवामान रडारच्या ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्ये काही रेडिओ दहा मिनिटं गप्प बसतात. अंधेरी-जोगेश्वरीकडच्या वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड डॉप्लर रडार जानेवारी २०२२ पासून आहे. त्या बाजूला तोंड करून बसलेल्या लिंकने तो पट्टा सोडावा. डीएफएस बंद करण्याच्या युक्त्या लोक एकमेकांना सांगतात, त्या करू नका. पावसाळ्यात ते रडार शहराच्या उपयोगाचं आहे, त्यात आपला गोंगाट मिसळायचा नाही.

पावसाबद्दल गैरसमज फार. ५.८ गिगाहर्ट्झला तासाला १०० मिलिमीटर पावसातही किलोमीटरमागे एका डीबीच्या आसपास तोटा होतो, आणि एवढा पाऊस सहसा सगळ्या १२ किलोमीटरवर एकाच वेळी कोसळत नाही. २४ गिगाहर्ट्झला तोच आकडा किलोमीटरमागे पंधरा डीबीच्या घरात जातो, म्हणून वरच्या फ्रिक्वेन्सीच्या लांब लिंक मुंबईच्या पावसाळ्यात तग धरत नाहीत. तेव्हा ५.८ ची लिंक पावसात वीस डीबी पडली तर दोष आभाळात शोधू नका. पाऊस थांबल्यावर सिग्नल लगेच सावरतो की तासन्‌तास पडलेलाच राहतो ते पाहा. पडलेला राहिला तर पाणी कनेक्टरमध्ये शिरलं आहे. एन-कनेक्टर उघडा. आत हिरवट-पांढरा थर आणि मधली पिन काळवंडलेली दिसली तर पुसून परत लावायचा नाही, कापून नवा बसवायचा. बसवल्यावर रबराची स्वतःला चिकटणारी टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात, आणि वरून साध्या काळ्या टेपचा एक हात द्या. केबल रेडिओत शिरण्याआधी खाली झोळ सोडा, पाणी तिथून टपकून जाईल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लिंक एकदाच पडून पडलेलीच राहिली तर आधी सोसायटीच्या वॉचमनला फोन करा. पावसाळ्यापूर्वी गच्चीवर निळी ताडपत्री किंवा पत्र्याची शेड चढते, आणि डिशपुढे काय येतंय हे बांधणाऱ्यांना ठाऊक नसतं. रंगकामाचे बांबू आणि हिरवी जाळीही अशीच आड येतात. ओल्या जाळीने सिग्नल चांगलाच खाली येतो. संक्रांतीनंतर डिशच्या तोंडाशी मांजा अडकलेला सापडतो, त्याने सिग्नलला फारसं होत नाही, पण केबलचं वरचं आवरण कापलं जातं.

उरला हवेचा दोष. ऑक्टोबर ते मे या काळात, विशेषतः वारा पडलेल्या रात्री, समुद्रावरच्या हवेचे थर लहरींना वाकवतात. मुंबईला हे नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात इथल्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर उन्हाळ्याच्या दिवसांत हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी येत असत. आपल्या लिंकवर त्याचा परिणाम म्हणजे तासन्‌तास वर-खाली हिंदकळणारा सिग्नल, ना भरतीशी जुळणारा, ना घड्याळाशी. त्यावर रामबाण उपाय नाही. मार्जिन वीस डीबीच्या वर ठेवा. वर सांगितलेली दोन डिशची जोडी इथेही कामाला येते, कारण हवेचे थर दोन्ही उंचींवर एकाच वेळी सारखा त्रास देत नाहीत.

दुरुस्ती झाल्यावर नोंद बंद करू नका. निदान एक पूर्ण उधाण जाऊ द्या, शक्यतो पावसाळ्यातलं. महापालिका दर पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा जाहीर करते. त्यांतल्या दोन-तीन तारखा आधीच लिहून ठेवा, आणि त्या दिवशी भरतीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंतचा आलेख काढून ग्राहकाला पाठवा. खड्डे दिसले नाहीत तर काम झालं. दिसले तर ते कुठल्या पातळीला आले ते मोजा, आणि खालची डिश अर्ध्या-अर्ध्या मीटरने सरकवून पुढच्या उधाणाला परत बघा.